आयटीत पहिली नोकरी: पदवी, सर्टिफिकेट, पॅकेज आणि बाँड यांचा हिशेब

हा लेख बीई, बीएस्सी, बीसीए किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या, आणि नुकतंच शिक्षण संपवून पुण्यात कॉट बेसिसवर खोली घेऊन नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. घरात याआधी कोणीच आयटीत गेलेलं नाही, अशांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. ज्यांची ताई किंवा मामा आधीच हिंजवडीत आहे, त्यांना यातलं बरंच जेवता जेवता कळतं. बाकीच्यांना ते क्लासवाल्यांच्या जाहिरातीतून कळतं, आणि तिथेच नुकसान होतं.

फ्रेशरकडे, म्हणजे अनुभव नसलेल्या नव्या उमेदवाराकडे बघताना कंपनीला मुख्यतः तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: याला स्वतःहून प्रोग्रॅम लिहिता येतो का, शिकवलं तर हा शिकेल का, आणि याची कागदपत्रं खरी आहेत का. यातल्या पहिल्या दोन गोष्टी विकत मिळत नाहीत आणि तिसरी विकत घ्यायला गेलात तर करिअर अडचणीत येतं. म्हणून पैसे खर्च करायचा टप्पा शक्य तितका मागे ढकलायचा, हे पुढच्या प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवा.

पायरी पहिली: आयटी म्हणजे नक्की कोणतं काम, ते ठरवा

‘मला आयटीत जायचंय’ एवढं पुरेसं नाही. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर कितीतरी वेगळी कामं चालतात. डेव्हलपर कोड लिहितो. टेस्टर तो तपासतो; हाताने तपासण्याची कामं कमी होत चालली आहेत, म्हणून टेस्टिंगमध्ये जायचं असेल तरी सेलेनियमसारखं ऑटोमेशन आणि त्यासाठी जावा किंवा पायथन यायलाच हवं. सपोर्टमध्ये चालू असलेल्या सिस्टिमच्या तक्रारी सोडवायच्या असतात. त्यात एल-वन, एल-टू, एल-थ्री असे स्तर असतात आणि बहुतेक ठिकाणी रात्रपाळी असते. डेव्हऑप्स आणि क्लाउडवाले सर्व्हर उभे करतात आणि चालते ठेवतात. डेटा इंजिनिअर वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा गोळा करून वापरण्याजोगा करतो. सॅप या कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेब, खरेदी, उत्पादन समजणाऱ्या माणसाला किंमत असते, म्हणून कॉमर्सवाले आणि मेकॅनिकलवालेही तिथे टिकतात.

पुण्यात आणखी एक वाट आहे, जिच्याकडे कॉम्प्युटर शाखेच्या मुलांचं फारसं लक्ष जात नाही. ती म्हणजे गाड्यांमधलं एम्बेडेड सॉफ्टवेअर. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगामुळे या कामाची इथे जुनी परंपरा आहे. १९९० मध्ये सुरू झालेली केपीआयटी आज मुख्यतः याच क्षेत्रात आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा ई-अँड-टीसीच्या मुलांनी आपली शाखा टाकून सगळ्यांसारखं वेब डेव्हलपमेंट शिकण्याआधी सी भाषा आणि मायक्रोकंट्रोलरच्या कामाचा विचार जरूर करावा. तिथे तुमची पदवी ओझं ठरत नाही, उलट उपयोगी पडते.

कंपन्यांचेही प्रकार आहेत. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, कॉग्निझंट या सर्व्हिस कंपन्या दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. त्या मोठ्या संख्येने फ्रेशर घेतात आणि स्वतः ट्रेनिंग देतात. प्रॉडक्ट कंपन्या स्वतःचं सॉफ्टवेअर विकतात. तिथे भरती कमी, परीक्षा अवघड आणि पगार चांगला. परदेशी बँका आणि कंपन्यांची स्वतःची केंद्रंही खराडी, हिंजवडी, ऐरोली या भागांत आहेत. स्टार्टअपमध्ये पहिल्याच महिन्यात खरं काम हातात येतं, पण शिकवायला कोणी बसत नाही. पहिली नोकरी सर्व्हिस कंपनीत मिळणं यात कमीपणा काहीच नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी उत्तम इंजिनिअरांची सुरुवात तिथूनच झाली आहे.

पायरी दुसरी: पदवीचा प्रश्न

पदवीशिवाय आयटीत येता येतं का? येतं, पण वाट लांब पडते. मोठ्या कंपन्यांच्या अर्जाचा फॉर्मच पदवी आणि टक्के विचारतो. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के, एकही चालू बॅकलॉग नको, शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त गॅप नको, ही अट अनेक ठिकाणी दिसते. एटीकेटी राहिली असेल तर नवीन फ्रेमवर्क शिकण्याआधी तो विषय सोडवा. फॉर्मच भरता आला नाही तर तुमचं कौशल्य बघायला कोणी थांबणार नाही.

दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाणं हा मार्ग मला फार आवडतो. ही मुलं प्रॅक्टिकलला घाबरत नाहीत. बारावीनंतर बीई-बीटेकसाठी एमएचटी-सीईटी आहे. बीसीएलाही २०२४ पासून राज्याची सीईटी सुरू झाली आहे, हे अजून बऱ्याच पालकांना माहीत नसतं आणि फॉर्मची तारीख निघून जाते. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि बीसीएवाल्यांना सुरुवातीचं पॅकेज बहुधा बीईपेक्षा कमी मिळतं. २०२४ मध्ये कॉग्निझंटने तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी २.५२ लाखांचं पॅकेज जाहीर केलं तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. हा फरक भरून काढायला एमसीए हा सरळ रस्ता आहे आणि तो अभ्यासक्रम आता दोन वर्षांचाच आहे. काही कंपन्या बीएस्सी-बीसीएवाल्यांना नोकरीसोबत एमटेक करायला देतात, विप्रोची योजना त्यासाठी ओळखली जाते. मात्र अशा योजनेत दीर्घ मुदतीचा करार असतो, तो सही करण्याआधी पूर्ण वाचा.

मुलींसाठी महत्त्वाचं: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. पैशामुळे मुलीला इंजिनिअरिंगऐवजी दुसरीकडे घालायचा विचार घरात चालू असेल तर आधी हे तपासा.

घरून शिकायचं असेल तर आयआयटी मद्रासचा २०२० मध्ये सुरू झालेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम आहे. त्याला जेईई लागत नाही. काही आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यायची, मग प्रवेश. मध्येच थांबावं लागलं तरी फाउंडेशन, डिप्लोमा अशा टप्प्यांवर प्रमाणपत्र मिळतं. उत्पन्न आणि प्रवर्गानुसार फीत सवलतही आहे. गणित मात्र मनापासून करावं लागतं.

पायरी तिसरी: सहा महिने, एक भाषा, एक खरा प्रोजेक्ट

जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, सी-शार्प यांतली कोणतीही एक भाषा निवडा आणि तिला चिकटून राहा. पुण्या-मुंबईच्या सर्व्हिस कंपन्या आणि बँकांची कामं पाहता जावाला अजून चांगली मागणी आहे. भाषेसोबत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि लिनक्सच्या रोजच्या कमांड. फ्रेशरांच्या मुलाखतीत सगळ्यात जास्त मुलं एसक्यूएलवर अडकतात. जॉइन म्हणजे काय हे पाठ म्हणता येतं, पण ‘ज्या विभागात पाचपेक्षा जास्त माणसं आहेत ते विभाग दाखव’ म्हटलं की पेन थांबतं. हे शिकायला दोन आठवडे पुरतात, म्हणून ते न येण्याचं जास्त वाईट वाटतं.

शिकायला फुकट आणि चांगली साधनं आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर सी, जावा, पायथन, लिनक्स यांचे छोटे धडे मराठीतही ऐकता येतात. इंग्रजीचं दडपण असलेल्याने पहिल्यांदा तिथून सुरुवात करावी, समजलं की मग इंग्रजी धडे सोपे जातात. एनपीटीईएलचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स शिकायला मोफत आहेत. परीक्षा द्यायची असेल तरच हजार रुपये लागतात, आणि ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्या प्रमाणपत्राला थोडा मान आहे.

आता प्रोजेक्ट. इथे मी थोडं जास्त थांबणार आहे, कारण यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. शेवटच्या वर्षाचे बहुतेक प्रोजेक्ट ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ किंवा ‘फेस रेकग्निशनने हजेरी’ असतात, आणि बरेचसे विकत घेतलेले असतात. मुलाखत घेणाऱ्याला ते दुसऱ्या प्रश्नाला कळतं. त्यापेक्षा आपल्या आसपास चालणारं एखादं काम घ्या, ज्याचा हिशेब तुम्हाला आतून माहीत आहे.

समजा, गावात दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर मोजतात, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघतात, दरपत्रकावरून दर ठरतो आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल निघतं. यात काय काय आलं बघा. उत्पादकांचं एक टेबल, रोजच्या संकलनाचं दुसरं, दरपत्रकाचं तिसरं. मग खरे प्रश्न सुरू होतात. दहा दिवसांच्या मध्येच दर बदलला तर आधीच्या पाच दिवसांचं बिल जुन्याच दराने निघालं पाहिजे, म्हणजे दरपत्रकाला ‘कधीपासून लागू’ ही तारीख हवी. सकाळची नोंद चुकून दोनदा झाली तर? पशुखाद्याची उचल बिलातून वजा करायची तर ती कुठे ठेवायची? रेंज गेली तर नोंद कशी करायची? हे प्रश्न तुम्हाला पडले आणि त्यांची उत्तरं तुम्ही स्वतः कोडमध्ये लिहिलीत, तर मुलाखतीत वीस मिनिटं तुम्ही न अडखळता बोलाल. कारण कोणतीही बँक, विमा कंपनी किंवा दुकान याच प्रश्नांवर सॉफ्टवेअर बनवून घेत असतं. दूध नसेल तर मेसचा हिशेब घ्या, द्राक्षबागेच्या फवारणीची वही घ्या, भिशी घ्या.

कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर ठेवा, थोडा थोडा करून रोज चढवा. शेवटच्या रात्री सगळा एकदम चढवलेला दिसतो आणि तो कुठून आणलाय ते बघणाऱ्याला समजतं. प्रोजेक्ट कसा चालवायचा ते आठ-दहा ओळींत लिहा.

एआयबद्दल. चॅटजीपीटी, क्लॉड, कोपायलट ही साधनं कंपन्यांत सर्रास वापरली जातात, तीही शिका. पण पूर्वी फ्रेशरला जे साधंसोपं काम शिकण्यासाठी दिलं जायचं, त्यातलं बरंचसं आता ही साधनं करतात. त्यामुळे नव्या माणसाकडून अपेक्षा वाढली आहे: आलेला कोड वाचता यावा, त्यातली चूक सापडावी, तो असाच का आहे ते सांगता यावं. ऑनलाइन मुलाखतींत कॉपी वाढल्यामुळे अनेक कंपन्या शेवटची फेरी पुन्हा समोरासमोर घेऊ लागल्या आहेत. पहिले तीन महिने प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने लिहा आणि एआयला फक्त ‘माझं कुठे चुकलं ते समजाव’ एवढंच विचारा.

पायरी चौथी: सर्टिफिकेट कोणतं, कधी आणि कशाला

एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरच्या तोंडओळखीचा कोर्स २००१ पासून आहे आणि बऱ्याच सरकारी नोकऱ्यांसाठी तो किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र लागतं. सॉफ्टवेअर कंपनीत मात्र त्याला वजन नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण आजही काही पालक त्याच्या भरवशावर मुलांना पुण्याला पाठवतात.

डेव्हलपर व्हायचं असेल तर सर्टिफिकेटपेक्षा कोडिंग परीक्षा आणि प्रोजेक्ट मोठे. क्लाउड, नेटवर्किंग, टेस्टिंग, सेल्सफोर्स या क्षेत्रांत मात्र सर्टिफिकेट खरोखर दार उघडतं. नेटवर्किंगला सिस्कोचं सीसीएनए, लिनक्सला रेड हॅटचं आरएचसीएसए. दुसऱ्यात पर्याय निवडायचे नसून चालत्या मशीनवर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं असतं, म्हणून मी त्याला जास्त मानतो. टेस्टिंगमध्ये आयएसटीक्यूबी फाउंडेशन विचारतात. क्लाउडमध्ये अॅमेझॉनचं क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरचं, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० डॉलरचं. दोन्ही तीन वर्षं चालतात, मग पुन्हा परीक्षा. यातलं पहिलं फारच प्राथमिक आहे. पैसे एकदाच घालायचे असतील तर दुसऱ्याची तयारी करून तेच द्या. मायक्रोसॉफ्टची मूलभूत प्रमाणपत्रं कालबाह्य होत नाहीत, पुढच्या पातळीची वर्षाने नूतनीकरणाला येतात, पण ते नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत असतं.

नोकरी लागल्यावर बऱ्याच कंपन्या ही फी परत देतात. म्हणजे आज घरच्यांकडून घेऊन भरायचे पैसे वर्षभराने कंपनी भरू शकते. घाई असेल तरच आधी करा.

वेगळा उल्लेख सीडॅकचा. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आणि परम महासंगणक बनवणाऱ्या या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक हा डिप्लोमा कंपन्यांना ठाऊक आहे. प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो, वर्षात दोन बॅचेस असतात, फी जीएसटी धरून लाखाच्या थोडी वर जाते. तो मुख्यतः अभियांत्रिकी पदवीधर, एमसीए आणि एमएस्सीवाल्यांसाठी आहे, पात्रतेचे नियम आधी वाचा. ज्यांच्या कॉलेजात कॅम्पसला कोणी येत नाही आणि ज्यांना शिस्तीत सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यास करायची तयारी आहे, त्यांनी खासगी क्लासला पैसे देण्याआधी याचा विचार करावा. सगळी केंद्रं मात्र सारखी नाहीत. मागच्या बॅचच्या दोन-चार मुलांना भेटून मगच केंद्र निवडा.

पायरी पाचवी: क्लास लावायचाच असेल तर

काही क्लास मनापासून शिकवतात. तरीही ‘१०० टक्के प्लेसमेंट’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका. करारात त्याची व्याख्या बघा: फक्त मुलाखती मिळवून देणार की नोकरी? कोणत्या कामाची, किती पगाराची? बीपीओतल्या कॉलिंगच्या जागेलाही तिथे प्लेसमेंट म्हटलेलं असू शकतं.

सगळ्यात जपून राहायचं ते कर्जापासून. ‘आत्ता काही भरू नका, नोकरीनंतर हप्ते द्या’ असं सांगून टॅबवर सह्या आणि ओटीपी घेतात, आणि प्रत्यक्षात एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज तुमच्या नावावर सुरू होतं. क्लास बंद पडला, शिक्षक निघून गेला, तरी हप्ता थांबत नाही आणि सिबिल खराब होतो. ओटीपी देण्याआधी मेसेज शेवटपर्यंत वाचा. मूळ मार्कशीट कोणत्याही क्लासकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्सवर भागतं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती अधूनमधून निघतात, त्यांच्या वेबसाइट बघत राहा.

पायरी सहावी: कागदपत्रं आधीच एका नावाची करा

महाराष्ट्रात ही अडचण हमखास येते. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. पॅनवर कधी वडिलांचं नाव गळलेलं. ‘दत्तात्रय’चं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. जॉइनिंगच्या आठवड्यात पडताळणी करणारी संस्था यावर बोट ठेवते आणि पीएफचं खातंही अडतं. आधार, पॅन आणि बँक खातं यांवरचं नाव आत्ताच जुळवून घ्या. मोठा फरक असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो आणि त्याला वेळ जातो. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट, पदवी प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा, डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपवर खातं उघडा.

पायरी सातवी: अर्ज कुठे करायचा

कॉलेजात कॅम्पस होत असेल तर टीपीओशी, म्हणजे प्लेसमेंट बघणाऱ्या अधिकाऱ्याशी, तिसऱ्या वर्षापासून संपर्क ठेवा. नसेल तरी टीसीएसची एनक्यूटी ही भरती परीक्षा पात्रतेत बसणाऱ्या कोणत्याही कॉलेजच्या मुलांना खुली असते. तिच्यात निन्जा, डिजिटल, प्राइम असे स्तर आहेत. निन्जाचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आत असतं, तर डिजिटलचं सात लाखांच्या आसपास. कंपनी तीच, परीक्षा तीच, फरक मुख्यतः अवघड भागातल्या, विशेषतः कोडिंगच्या गुणांचा. दहा कंपन्यांचे फॉर्म भरत बसण्यापेक्षा दोन महिने डेटा स्ट्रक्चर आणि कोडिंगचा सराव केला तर पहिल्या दिवसापासून पगार दुप्पट होऊ शकतो.

ऑफ-कॅम्पसला सर्वात उपयोगी पडतं ते रेफरल, म्हणजे कंपनीतल्याच माणसाने केलेली शिफारस. तुमच्या कॉलेजचे, तालुक्याचे सिनिअर लिंक्डइनवर शोधा. ‘सर, जॉब बघा ना’ असा मेसेज करू नका. जागेचा क्रमांक, एक पानाचा रिझ्युमे आणि प्रोजेक्टची लिंक असं तिन्ही एकत्र पाठवा, म्हणजे समोरच्याला दोन मिनिटांत रेफर करता येतं. रेफरलसाठी बऱ्याच कंपन्या त्यांनाच बक्षीस देतात, त्यामुळे विचारायला संकोच नको. हिंजवडी-खराडीसोबत नागपूरचं मिहान, मुंबईतलं पवई, नवी मुंबईतलं ऐरोली, गोव्यातलं वेर्णा हेही पर्याय धरा. घरून ये-जा करता आली तर वीस-पंचवीस हजारांच्या पगारात मोठाच फरक पडतो. केंद्र सरकारच्या एनएटीएस पोर्टलवर वर्षभराच्या अप्रेंटिसशिपच्या जागाही असतात, स्टायपेंड कमी पण अनुभव खरा.

नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस, मग तो ‘बॅकडोअर एंट्री’ म्हणो, ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणो की ‘लॅपटॉपचे पैसे’, फसवणारा आहे. ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आला आहे का ते अक्षर अन् अक्षर तपासा.

आणि खोटा अनुभव. ‘तीन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर, सॅलरी स्लिप, सगळं करून देतो’ असं सांगणारे पुण्यात भेटतात. त्या नादाला लागू नका. पीएफच्या यूएएनमध्ये (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाच्या नोंदीत) तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत काम केलंत ते दिसतं, आयकराच्या २६एएसमध्ये कापलेला कर दिसतो, आणि पडताळणी संस्था दोन्ही बघतात. पकडलं गेलं की नोकरी जाते, आणि ती दोन वर्षांनी चांगलं काम करत असतानाही जाऊ शकते. बारीकसारीक कामाचा खरा अनुभव सांगा: इंटर्नशिप, ओळखीच्या दुकानाला करून दिलेली वेबसाइट, काहीही.

पायरी आठवी: ऑफर लेटर हातात आल्यावर

३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिना ३० हजार असं घरी सांगू नका. एक नमुना हिशेब करू. मूळ वेतन महिना १५,००० धरू. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे महिना १,८००, वर्षाला २१,६००, हा पॅकेजमध्येच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, वर्षाला ८,६५८. विम्याचा हप्ता समजा ६,०००. व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा न ठरलेला भाग, समजा १८,०००, जे कामगिरी आणि कंपनीच्या नफ्यावर अवलंबून असतं. हे ५४,२५८ वजा केले की उरले ३,०५,७४२, म्हणजे महिना साधारण २५,४७८. यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात पडतात सुमारे २३,५००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही, त्यामुळे ती चिंता सध्या नको.

ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी केली तरच मिळते. एचआरला तीन प्रश्न ईमेलवर विचारा: महिन्याला हातात किती येईल, व्हेरिएबल कधी आणि कशावर मिळतं, आणि पगार नक्की कोणाच्या पेरोलवर आहे. तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. काम मोठ्या कंपनीत आणि पगार मधल्या एजन्सीचा, अशी कंत्राटी व्यवस्था सर्रास असते. ती वाईटच असते असं नाही, पण प्रोजेक्ट संपला की नोकरी संपू शकते, हे सही करताना माहीत असावं.

बाँड. ट्रेनिंगचा खर्च केल्यावर ठरावीक मुदत काम करण्याची अट कंपनी घालू शकते. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची रक्कम मान्य केली. सरकारी बँकेला भरतीसाठी होणारा खर्च तिथे विचारात घेतला गेला. म्हणजे ‘बाँडला काही अर्थ नसतो’ हे मित्राचं बोलणं धरून चालू नका. एक वर्षाचा, माफक रकमेचा बाँड मी घेईन. १५ हजार पगारावर तीन वर्षांचा बाँड, वर मूळ कागदपत्रं जमा करायची अट, अशी ऑफर मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही.

ऑफर मिळाली म्हणजे जॉइनिंग झालं असंही नाही. २०२२ नंतर अनेकांना जॉइनिंगची तारीख महिनोन्महिने, काहींना वर्षापेक्षा जास्त मिळाली नव्हती. तारीख येईपर्यंत इतर मुलाखती देत राहा. पुण्यात येताना कॉट बेसिसचं डिपॉझिट, मेस आणि पहिल्या पगारापर्यंतचे दीड-दोन महिने यांची सोय करून या.

पायरी नववी: पहिली दोन वर्षं

ट्रेनिंगनंतर बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसावं लागलं तर घाबरून जाऊ नका, पण स्वस्थही बसू नका. मिळेल तो प्रोजेक्ट घ्यावा का? पहिल्यांदा घ्या. वर्षभरात कोड लिहायला अजिबात मिळत नसेल, रोज तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) बंद करणं आणि एक्सेल भरणं एवढंच चालू असेल, तर मॅनेजरशी लेखी बोला आणि बदली मागा. तीन वर्षांनंतर बाजारात विचारतात ते प्रत्यक्ष काम काय केलं हे. तिथे चुकीच्या प्रोजेक्टवर गेलेली वर्षं पगारापेक्षा महाग पडतात. म्हणूनच पाच लाखांच्या निव्वळ सपोर्टच्या जागेपेक्षा चार लाखांची डेव्हलपमेंटची जागा मी घ्यायला सांगेन. घरी पैशाची नड असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पगार बघा आणि संध्याकाळी शिकत राहा.

सर्व्हिस कंपनीतली वार्षिक वाढ बहुधा एक आकडी टक्क्यांतच राहते. मोठी उडी नोकरी बदलताना मिळते, म्हणून बहुतेक जण दोन ते तीन वर्षांत बदलतात. पुढे रस्ता फुटतो: सिनिअर इंजिनिअर, टेक लीड, मग एकीकडे आर्किटेक्ट आणि दुसरीकडे प्रोजेक्ट मॅनेजर. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला लागणार असं कंपनीनेच सांगितलं होतं. मॅनेजर झाल्यावरही कोडशी संबंध तोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नोकरी सोडताना नोटीस पिरियड बघा. अनेक ठिकाणी तो ६० ते ९० दिवसांचा असतो आणि नवी कंपनी तेवढी थांबतेच असं नाही. नवीन ऑफर लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर, सगळ्या सॅलरी स्लिप आणि आधीच्या वर्षांचे फॉर्म १६ (कापलेल्या आयकराचा दाखला) स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवा, कारण ऑफिसचा ईमेल त्याच संध्याकाळी बंद होतो. पीएफ काढू नका. यूएएन तोच ठेवून नव्या खात्यात वर्ग करा आणि जुन्या कंपनीने तुमची सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली आहे का ते महिन्याभरात तपासा. ती रिकामी राहिली तर पुढच्या पडताळणीत तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला दिसता.